वर्दीसकट पाण्यात: जवानाला तगून राहायला कसे शिकवतात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसली की ती भरतीची तयारी करत आहेत, हे कोणाला विचारावे लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पलटणीतल्या गोष्टी इथल्या कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत ऐकल्या-सांगितल्या जातात. ही मुले १.६ किलोमीटरची धाव, बीमवरचे पुल-अप्स, ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बीमवरचा तोल यांचा सराव करतात, कारण सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत याच गोष्टी पाहिल्या जातात. पोहता येते का, हे तिथे कोणी विचारत नाही. पाण्याशी खरी गाठ पडते ती निवड झाल्यानंतर, आणि तेव्हा विहिरीत पोहण्यात तरबेज असलेला मुलगा आणि पाण्याला कधीच न शिवलेला मुलगा या दोघांनाही पहिला धडा एकच गिरवावा लागतो. तो धडा कोणता आणि त्यामागचे शास्त्र काय, हे या लेखात समजून घेऊ.

पायदळाच्या जवानाला पाण्याचे एवढे काय, असे वाटण्याचा संभव आहे. पण सैन्याच्या वाटेत नदी नेहमीच येते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर झालेल्या हल्ल्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबाराच्या माऱ्यात दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. या शौर्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शांततेच्या काळातही पाणी सुटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि घटप्रभेला महापूर आला तेव्हा आपल्या भागात लोकांना बाहेर काढायला लष्कराच्या तुकड्या उतरल्या होत्या. जून २०२४ च्या अखेरीस लडाखमध्ये श्योक नदी ओलांडण्याच्या सरावात अचानक पाणी वाढले आणि टी-७२ रणगाड्यावरील पाच जवानांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, आपल्या अगदी शेजारी, चंदगड तालुक्यात तिलारी धरणाच्या पाण्यात सरावाची होडी उलटली आणि बेळगावात कमांडो प्रशिक्षण घेणारे दोन जवान आपण गमावले. शरीराने कणखर आणि मनाने तयार असलेल्या माणसांनाही पाणी ओढून नेते, म्हणूनच हे शिक्षण किती नीट दिले जाते याला एवढे महत्त्व आहे.

आपल्याकडे मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत. पूर्वी कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधत, आता प्लास्टिकचा कॅन बांधतात. काका किंवा मोठा भाऊ पायरीवर उभा राहून दोराचे टोक धरतो, आणि आठवडाभरात मुलगा बिंड्याशिवाय हातपाय मारू लागतो. ही पद्धत उत्तम आहे, तिने हजारो मुलांची भीती घालवली. परंतु तिथे अंगावर चड्डीशिवाय काही नसते, पाणी स्थिर आणि ओळखीचे असते, दिवस असतो, आणि चार हात मारले की पायरी हाताला लागते. जवानाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. त्याच्या पायात बूट असतात, पाठीवर पिट्टू, हातात रायफल, वेळ रात्रीची असू शकते, आणि काठ किती दूर आहे हे त्याला ठाऊक नसते. तेव्हा किती वेगाने पोहता येते यापेक्षा किती वेळ तोंड पाण्याच्या वर ठेवता येते, हा प्रश्न मोठा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर वजनाच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब एकदा समजला की पुढचे सगळे प्रशिक्षण आपोआप उलगडते. एखादी वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला पाण्याकडून मिळतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळपास असते. ती थोडी कमी की थोडी जास्त, हे छातीत हवा किती आहे यावर ठरते. प्रौढ पुरुषाने छाती पूर्ण भरली तर फुप्फुसांत सुमारे ६ लिटर हवा मावते, आणि पूर्ण सोडली तरी सुमारे १ लिटर आत उरते. मधल्या ५ लिटरचा फरक म्हणजे जवळजवळ ५ किलो आधाराचा फरक. त्यामुळे बहुतेक माणसे भरल्या छातीने तरंगतात आणि रिकाम्या छातीने खाली जातात. मात्र भरल्या छातीनेही वर उरणारा आधार फार नसतो, दोन-तीन किलोच्या आसपास असतो. नुसते डोकेच साडेचार ते पाच किलोचे असते. याचा अर्थ असा की हातपाय न हलवता संपूर्ण डोके पाण्याबाहेर राहू शकत नाही. मान मागे टाकून उताणे झाले तर नाक आणि तोंड तेवढे बाहेर राहते, आणि तेवढे पुरते.

आता हात वर केल्यावर काय होते ते पाहा. एका हाताचे वजन सुमारे साडेतीन किलो धरले, तर ‘वाचवा’ म्हणून दोन्ही हात उंचावणाऱ्या माणसाने सात किलो वजन पाण्याच्या आधारातून काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवले असे होते. तो बुडणारच. घाबरलेल्या माणसाची प्रत्येक नैसर्गिक हालचाल, म्हणजे वर चढू पाहणे, हात उंचावणे, मान ताठ करणे, ओरडून छातीतली हवा सोडणे, ही या हिशेबाच्या विरुद्ध जाते. म्हणून पहिला धडा असतो तो गप्प राहण्याचा: पाण्याखाली नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे, वर येऊन झटकन छाती भरायची, आणि मग अंग सैल सोडून पाण्याला आपले काम करू द्यायचे. विहिरीत तरबेज झालेल्या मुलाला हे अनेकदा जास्त जड जाते, कारण त्याला हात मारून प्रश्न सोडवायची सवय झालेली असते आणि अंग सैल सोडणे त्याला हार मानल्यासारखे वाटते.

अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत फ्रेड लानू नावाच्या प्रशिक्षकांनी १९४० च्या सुमारास याच तत्त्वावर एक पद्धत बसवली. त्यात माणूस चेहरा पाण्यात ठेवून, हातपाय लोंबते सोडून पालथा तरंगतो. श्वास हवासा वाटला की हाताने पाणी हलकेच खाली दाबून तोंड वर काढतो, श्वास घेतो आणि पुन्हा सैल पडतो. यात इतकी कमी शक्ती लागते की साधारण प्रकृतीचा माणूसही कोमट पाण्यात दीर्घकाळ टिकू शकतो. तिथल्या विद्यार्थ्यांना हे शिकणे अनेक वर्षे सक्तीचे होते, आणि अमेरिकी नौदलाच्या विशेष दलांनी त्याचा कठीण प्रकार, हातपाय बांधून तरंगण्याचा, आपल्या प्रशिक्षणात घेतला. थंड पाण्यात मात्र ही पद्धत वापरू नये, कारण डोके पाण्यात राहिले की शरीराची उष्णता लवकर जाते.

यानंतर कपडे आणि सामान येते. ओले कपडे माणसाला खाली ओढतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. कापडाने शोषलेल्या पाण्याचे वजन पाण्यात असेपर्यंत जाणवत नाही. उलट उडी मारल्यानंतर पहिली काही मिनिटे शर्टात अडकलेली हवा आधारच देते. त्रास होतो तो दोन ठिकाणी. हातपाय हलवताना कापड पाण्याला अडवते, म्हणून दमछाक होते. आणि काठावर चढताना ते शोषलेले पाणी एकदम वजन होऊन अंगावर येते. लोखंडाचे तसे नाही. इन्सास रायफल सुमारे ४ किलोची आहे आणि पोलाद पाण्यात गेल्यावर जेमतेम आठवा हिस्सा वजन गमावते, म्हणजे ती पाण्यातही खाली खेचतच राहते. पिट्टूची गोष्ट पुन्हा वेगळी आहे. आतले सामान जलरोधक पिशवीत घट्ट बांधून भरले असेल तर ४० लिटर जागा व्यापणारा आणि २० किलो वजनाचा पिट्टू आणखी २० किलोचा आधार देऊ शकतो; जवान त्याला छातीशी धरून, नुसते पाय मारत पार जातो. तोच पिट्टू निष्काळजीपणे भरला असेल, पाणी आत शिरले आणि पट्टे खांद्यात अडकले, तर तो घात करतो. म्हणून पट्ट्यांच्या चापा न पाहता, पाण्याखाली, हाताच्या सवयीने उघडता येईपर्यंत हा सराव घेतला जातो.

पॅन्टचा तराफा करणे हा या प्रशिक्षणातला पाहण्यासारखा भाग आहे, आणि तो नीट समजावा म्हणून थोडा तपशिलाने सांगतो. जवान छाती भरून पालथा तरंगतो आणि आधी बुटांच्या नाड्या सोडून बूट काढतो. मग पट्टा सैल करून पॅन्ट एकेका पायातून उतरवतो. या वेळी डोके वारंवार पाण्याखाली जाते, आणि घाई केली की पायाचे टोक घोट्याशी अडकते, म्हणून मध्ये दोनदा-तीनदा थांबून श्वास घ्यायला सांगतात. पॅन्ट हाती आली की समोरची चेन आणि बटणे लावायची, दोन्ही पायांची टोके एकमेकांत घालून घट्ट गाठ मारायची, आणि कमरेचे तोंड दोन्ही हातांनी उघडे धरून पॅन्ट डोक्यामागून पुढे झपाट्याने पाण्यावर आपटायची. आत हवा कोंडते. कमरेचे तोंड लगेच पाण्याखाली मुठीत आवळायचे, गाठ मानेमागे घ्यायची, आणि दोन फुगलेल्या पायांच्या मध्ये डोके टेकवून पडून राहायचे. सुक्या कापडातून हवा निसटते. ओल्या कापडाच्या धाग्यांमधल्या छिद्रांवर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तो हवेला अडवतो, म्हणून कापड सतत ओले ठेवावे लागते. हवा हळूहळू कमी होतेच, तेव्हा कमरेचे तोंड पाण्याखाली उघडून तळहाताने हवा आत मारतात किंवा फुंकून भरतात.

वेगवेगळ्या सैन्यांच्या चाचण्या पाहिल्या तर त्यांत पोहायचे अंतर फार नसते. अमेरिकी भूदलाच्या पाण्यातील चाचणीत गणवेश, बूट आणि रायफलसह केवळ १५ मीटर पोहायचे असते. पण त्याच चाचणीत डोळे बांधून, रायफल धरून ३ मीटर उंचीच्या फळीवरून पाऊल टाकायचे असते, आणि पाण्याखाली रायफल व पट्टे काढून टाकून काठ गाठायचा असतो. अमेरिकी नौदलाच्या प्राथमिक चाचणीत उंचावरून पाय खाली ठेवून उडी, ५० यार्ड पोहणे, ५ मिनिटे पालथे तरंगणे आणि कपड्यांत हवा भरणे एवढे असते. आपल्या नौदलाचे अग्निवीर पहिले धडे ओडिशात, आयएनएस चिल्का येथे घेतात आणि तिथे पोहणे शिकवलेच जाते. पहिला कोण आला, हे या चाचण्यांत मोजत नाहीत. अचानक पाण्यात पडल्यावर डोके शांत राहते का, हे पाहतात.

बेळगावच्या पोराला सर्वांत अनोळखी असते ते थंड पाणी. आपल्याकडची विहीर हिवाळ्यातही सोसवते, पण श्योकसारख्या नदीत बर्फ वितळून आलेले पाणी असते, आणि ते दिवसभराच्या उन्हाने दुपारनंतर वाढत जाते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता नेते. तरीही थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो असे समजणे चुकीचे आहे. बरेचदा तो त्याच्या कितीतरी आधी श्वासाच्या धक्क्याने मरतो. १५ अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम बुडाले की माणूस नकळत मोठ्याने धाप घेतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. पुढे श्वास बेफाम चालतो आणि रोखायचा म्हटला तरी काही सेकंदांपेक्षा रोखता येत नाही. प्रशिक्षक यासाठी एक, दहा, एक असा हिशेब पाठ करून घेतात: पहिले १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, पोहायचे नाही, पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात काठ, दोर किंवा होडी गाठायची, आणि त्यानंतरही शुद्ध हरपायला साधारण १ तास असतो, म्हणून आशा सोडायची नाही. तरंगायचे जीवरक्षक जॅकेट अंगावर असेल तर गुडघे छातीशी घेऊन, काखा आवळून बसल्यासारखे राहायचे आणि चार जण असतील तर एकमेकांना बिलगून राहायचे, म्हणजे ऊब टिकते.

वाहत्या पाण्याचे नियम स्थिर पाण्याहून निराळे आहेत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा त्याचा जोर चौपट होतो. म्हणूनच जोरात वाहणारे अर्धा फूट पाणीही उभ्या माणसाचे पाय उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. कल्लोळ-यडूरसारख्या पुलांवरून पाणी चालू असताना मोटारसायकल घालणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. जवानाला शिकवतात की वाहून जाऊ लागलास तर उभा राहू नकोस, कारण पाऊल दगडांत अडकले की पाणी अंगावरून जाऊन तोंड खाली दाबते. उताणे व्हायचे, पाय पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवायचे, येणारा दगड पायाने झेलायचा, आणि प्रवाहाशी तिरके राहून हळूहळू काठाकडे सरकायचे. प्रवाहाविरुद्ध पोहत कोणीही फार वेळ टिकत नाही.

वेदगंगा-दूधगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे इथे वेगळे सांगायला हवेत, कारण आपल्या मुलांना ते पोहायची हक्काची जागा वाटतात. बरग्यांवरून (पाणी अडवणाऱ्या फळ्यांवरून) किंवा भिंतीवरून पाणी पडते तेव्हा पायथ्याशी ते खाली जाऊन वर येते आणि पुन्हा भिंतीकडे वळते, असा एक आडवा भोवरा तिथे फिरत राहतो. त्यात सापडलेला माणूस वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, पडणाऱ्या पाण्याखाली दाबला जातो, आणि हे चक्र थांबत नाही. शिवाय तिथले पाणी हवेने फेसाळलेले असते, म्हणून त्याचा आधारही कमी मिळतो. वरून पाहणाऱ्याला हे पाणी कंबरभर आणि निरुपद्रवी वाटते. त्यातून सुटायचे तर वर येण्याची धडपड न करता तळाशी जाऊन खालच्या बाजूला निघावे लागते, किंवा भोवऱ्याच्या कडेला सरकावे लागते. आणि हे कसलेल्या पोहणाऱ्यालाही क्वचितच जमते. बचाव पथके अशा जागी होडी भिंतीजवळ नेत नाहीत.

हेलिकॉप्टरमधून समुद्रावर जाणाऱ्यांचे प्रशिक्षण हा स्वतंत्र विषय आहे. इंजिनाचे वजन वरच्या भागात असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात पडले की बहुधा उलटे होते, म्हणून एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवून, हालचाल थांबेपर्यंत वाट पाहून मगच पट्टा सोडायला शिकवतात. कोचीला आयएनएस गरुडावर नौदलाचे पाण्यात तगण्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गगनयानाचे यात्री-कक्ष समुद्रातून बाहेर काढण्याचा पहिला सरावही तिथेच झाला.

तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, आणखी एक गोष्ट शिकावी लागते, आणि ती प्रत्येक आईवडिलांनीही शिकावी असे मला मनापासून वाटते. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, आवाज काढायला हवा उरत नाही. हात हलवून इशारा करता येत नाही, कारण ते नकळत दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. शरीर उभे, मान मागे, डोळे शून्यात, पाय हलत नाहीत: अशी ही मूक अवस्था २० ते ६० सेकंद टिकते आणि मग माणूस खाली जातो. त्याला वाचवायला थेट उडी घेणारा बरेचदा त्याच्या मिठीत सापडतो, आणि सुट्टीत विहिरीवर एकामागोमाग दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या यामुळेच. क्रम असा ठेवावा: आधी काठी किंवा बांबू पुढे करायचा, नाही पोहोचला तर दोर, धोतर, ओढणी टाकायची, मग होडी, आणि पाण्यात उतरणे अगदी शेवटी, तेही ट्यूब किंवा कॅन हातात घेऊन. पाच लिटरच्या कॅनमध्ये थोडे पाणी ठेवून, बूच लावून त्याला दोर बांधला तर तो लांब फेकता येतो आणि माणसाला आधारही देतो. मळ्यातल्या प्रत्येक विहिरीवर असा एक कॅन टांगून ठेवणे कोणालाही परवडेल. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, पोट दाबू नये, पालथ्या घागरीवर झोपवू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलटून छातीत जाण्याचा धोका वाढतो. तो श्वास घेत नसेल तर मान मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवायचा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करायचा.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना शेवटी एका खेळाबद्दल सांगायचे आहे, कारण तो सर्रास खेळला जातो. पाण्याखाली कोण जास्त वेळ दम धरतो अशी पैज लावताना मुले आधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने शरीरातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी होतो. श्वास घ्यायची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. ती उशिरा येते, आणि तोवर ऑक्सिजन इतका उतरतो की मुलगा कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. पोहण्यात पटाईत असलेली मुलेच याला बळी पडतात. म्हणून सराव करायचा तर तो जलतरण तलावात किंवा पायऱ्यांच्या विहिरीत, वर जाणता माणूस उभा असताना, आणि फक्त एवढाच: पाण्यात तोंड घालून सावकाश श्वास सोडणे, पाच मिनिटे उताणे आणि पाच मिनिटे पालथे निश्चल तरंगणे, जागच्या जागी पाणी तुडवणे, आणि हे जमल्यावर जुना शर्ट-पॅन्ट घालून तेच पुन्हा करणे. बूट, ओझे आणि उंचावरच्या उड्या यांचा सराव प्रशिक्षण केंद्रात उस्तादांसमोर, तलावाच्या काठावर गळ, दोर आणि जीवरक्षक तयार असतानाच केला जातो.